शेवटच्या खुंटीच्या पलीकडे

रिन्स्केच्या नवऱ्यानं तिच्याकडे उभ्या आयुष्यात एकच वस्तू बनवून मागितली, आणि तीही अशी, की ती चांगली बनली तर त्याला बायकोच्या हाताची गरज उरली नसती.

ती ड्राख्टन नावाच्या शहरात एका कारखान्यात इंजिनिअर होती. तिथं गाईंचं दूध काढायची यंत्रं बनायची. गाईच्या सडाला दुखू नये, दूध सांडू नये आणि शेतकऱ्याला पहाटे शिव्या घालायची वेळ येऊ नये, एवढं सांभाळून वस्तू कशी घडवायची हे ती वर्षानुवर्षं करत आली होती. कारखान्यात नवीन आलेल्या इंजिनिअरांना ती समोर बसवून सांगायची, "आधी विचारा. ज्याला वस्तू वापरायचीय त्याला नेमकं काय हवंय ते विचारा. मग बघा, दुसऱ्या कुणी यावर काय केलंय. मग सुचेल ते सगळं सुचू द्या, वेडगळसुद्धा. त्यातलं एक निवडा, कच्चं बनवा, मोडा, का मोडलं ते बघा, पुन्हा बनवा. आणि मध्येच कळलं की पहिला प्रश्नच चुकला होता, तर लाजू नका, परत पहिल्या पायरीवर या." पोरं माना डोलवायची आणि थेट बनवायलाच सुरुवात करायची. ते तिला पाठ झालं होतं.

नवरा योरिट. शाळेत भूगोल शिकवायचा. चाळिशीनंतर त्याची नजर कडांकडून आत मिटत गेली. आधी बाजूची माणसं गेली, मग दारांच्या चौकटी, मग समोरच्या माणसाचे कान. शेवटी नळीतून बघावं तसा एक ठिपका उरला आणि एका वसंतात तोही गेला. शाळा सुटली. घरात तो सराईतासारखा वावरायचा, पण बाहेर पडताना कुणी कोपर धरलं की त्याच्या जबड्याची शीर ताठ व्हायची. रिन्स्केनं धरलं तरी.

फक्त बर्फावर तसं होत नसे.

दोघांची ओळखच बर्फावरची. त्यांच्या गावचा, ईस्टरसीलचा कालवा गोठला की अख्खं गाव स्केट्स बांधून त्यावर उतरायचं, आणि जोडीनं जायचं तर जुन्या पद्धतीनं, एकानं पुढं, दुसऱ्यानं मागं, मध्ये एक लांब काठी, दोघांच्या हातात. लग्नाच्या आधीपासून योरिट पुढं असायचा. उंच, वाकलेला, वारा अंगावर घेत जायचा आणि सारखा मागं ओरडायचा, "रिन्स्के, ते बघ! रिन्स्के, डावीकडं बघ!" बगळा दिसला तरी ओरडायचा, कुणाची वाळत टाकलेली लाल चड्डी दिसली तरी ओरडायचा. डोळे गेल्यावर जागा बदलल्या. रिन्स्के पुढं आली, तो मागं गेला. काठी तीच. काठीतून त्याचा भार तिच्या तळहाताला जाणवायचा, त्याच्या पावलांचा ताल तिच्या खांद्यापर्यंत यायचा, आणि घरात दिवसभर तुटक बोलणारा हा माणूस तेवढा वेळ तिचा असायचा. हे तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते तिला वाटलंच नव्हतं.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी तो राय धान्याच्या काळ्या पावावर चीज ठेवता ठेवता म्हणाला, "यंदा बर्फ धरलं तर मला कालव्यावर एकट्यानं जायचंय."

"एकट्यानं म्हणजे?"

"एकट्यानं म्हणजे एकट्यानं. तू इंजिनिअर आहेस ना? गाईंसाठी एवढं करतेस."

"गाय कालव्यात जाऊन पडत नाही."

"मी तरी कुठं पडलोय? बनव काहीतरी."

ती हसली. कप विसळायला उठली. पाण्याखाली हात धरून बराच वेळ उभी राहिली.

मग तिनं तेच केलं, जे करू नका म्हणून ती पोरांना सांगायची. विचारलं काहीच नाही. आंधळा माणूस बर्फावर एकटा गेला तर पडेल, आपटेल. म्हणजे त्याला पडू द्यायचं नाही, असं स्वतःच ठरवून ती गॅरेजमध्ये घुसली. दोन आठवड्यांत तिनं हलक्या नळ्यांची एक चौकट केली. खाली पाती, पुढं लवचिक मिशा. कशाला टेकल्या की दांड्याला हिसका बसायचा. योरिटला तिनं गॅरेजमध्ये आणलं. त्यानं चौकटीवरून हात फिरवला, वाकून खालपासून वरपर्यंत चाचपली, तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"रिन्स्के, माझी आई अशीच एक घेऊन भाजी आणायला जायची."

"त्याला चाकं होती. याला पाती आहेत."

"म्हणजे ती माझ्यापेक्षा हळू जायची, एवढंच. मी फर्निचर ढकलत कालव्यावरून जाणार नाही. लोक हसतील ते सोड, मीच हसेन."

"मग तुला पाहिजे तरी काय?" ती चिडून म्हणाली.

"हे तू आधी विचारायला हवं होतंस."

तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तो बघू शकत नव्हता ते बरं, असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याची पुन्हा लाज वाटली. तिनं गॅरेजमधलं एक खोकं उलटं केलं, त्याला त्यावर बसवलं, आपण दुसऱ्यावर बसली.

"सांग. आता मी मध्ये बोलणार नाही."

तो सांगत राहिला. थांबून थांबून, आठवत. पुढं कुणी नको, वारा सरळ तोंडावर आला पाहिजे. हात पुढं नकोत, पाठीवर बांधलेले हवेत, लांबच्या पल्ल्याला सगळे ठेवतात तसे. म्हणजे हातात काही धरायचं नाही. कानात काही घालायचं नाही. "बर्फ बोलतं. पातळ असेल तर उंच आवाजात चिवचिवतं, जाड असेल तर घोगरं. कान बुजवलेस तर मी बैठकीच्या खोलीत राहिलेलाच बरा." आणि कुणी हाका मारत दिशा सांगायची नाही. कुणाचा आवाज नको.

"माझाही?"

"तुझाही नको."

रिन्स्के खोक्यावरून उठली.

"बरं," रिन्स्के म्हणाली. "आता निदान कळलं तरी." आणि बटाटे सोलायला निघून गेली.

पुढचे महिने तिनं सुट्टीचे दिवस यात घातले. न दिसणारे लोक बर्फावर कसे जातात ते शोधलं, चार-पाच जणांना फोन केले. सगळे कुणाच्या तरी मागं जायचे, कुणी काठी धरून, कुणी पुढच्याच्या कमरेला बांधलेल्या घंटेच्या आवाजावर. एकटं कुणीच नाही. उपग्रहाचा मार्ग तिनं लगेच सोडला. आकाशातल्या त्या डब्याला योरिट कालव्यात आहे की काठावरच्या गवतात, एवढा बारीक फरक कळत नव्हता. मग तिनं सुचेल ते सुचू दिलं. बर्फात तार पुरायची. काठाला दोर ताणायचा. प्रशिक्षित कुत्रा, त्यावर योरिट म्हणाला, "कुत्र्याला स्केट्स कोण घालणार?" ती खदखदून हसली. कितीतरी दिवसांनी दोघं एका गोष्टीला एकाच वेळी हसली होती.

शेवटी निवडलं ते असं. कालव्याच्या दोन्ही काठांना खुंट्या रोवायच्या, प्रत्येक खुंटीत एक छोटं रेडिओयंत्र. योरिटच्या कमरेला पट्टा. पट्टा खुंट्यांपासूनचं अंतर मोजत राहणार, आणि तो डाव्या काठाकडं सरकला की पट्ट्याची डावी बाजू थरथरणार, उजवीकडं गेला की उजवी. हात मोकळे, कान मोकळे, तोंडावर वारा.

पहिली चाचणी हेरेनवेनच्या बर्फगृहात, छपराखालच्या कृत्रिम बर्फावर झाली. शाळेची मुलं यायच्या आधी त्यांना एक कोपरा वापरायला मिळायचा. रिन्स्केनं खुंट्या प्लास्टिकच्या बादल्यांत उभ्या केल्या. योरिट निघाला आणि चार ढांगा टाकून थांबला.

"अगं, हे गाढव हाकल्यासारखं चाललंय. डावीकडून टोच, उजवीकडून टोच. मी सरळ जातोय की नाही?"

तो सरळच जात होता. पण स्केट्सवर माणूस सरळ कधीच जात नाही. डाव्या पायावर डावीकडं झुकतो, उजव्यावर उजवीकडं, आणि त्या झोकांमधून त्याची वाट सरळ निघते. पट्ट्याला प्रत्येक झोक म्हणजे चूक वाटत होती. रिन्स्केनं आकडे बदलून पाहिले. पट्टा मंद केला तर योरिट काठावर आदळल्यानंतर थरथरायचा. जलद केला तर पुन्हा गाढव. दर रविवारी जायचं, दर रविवारी नवीन काहीतरी बिघडायचं. जाड लोकरी बनियनवर थरथर कळेना म्हणून पट्टा आत गेला. गार पडल्या की बॅटऱ्या झोपायच्या म्हणून त्या त्याच्या पोटाशी आल्या. पण मूळ दुखणं हटेना.

"तू घालून बघ," योरिट एकदा म्हणाला.

"मी घातलाय की. दोनदा."

"डोळे उघडे ठेवून. असं नाही." त्यानं गळ्यातला मफलर काढून पुढं केला.

तिनं डोळे बांधले. पहिल्याच पावलाला तिनं दोन्ही हात पुढं पसरले. बर्फ कुठं संपतं कळेना, खाली कुठंय हेही धड कळेना. पट्टा दोन्हीकडून टोचत होता आणि प्रत्येक टोचणीला ती दचकून आखडत होती.

"गुडघे वाकव," योरिटचा आवाज आला. तो तिच्या बाजूनं चालला होता, हात न लावता. "खांदे सोड. तू काठाकडं लक्ष देतेस. काठ विसर. पायाखालचं ऐक."

"काठ विसरू कसा? तो टोचतोय ना सारखा!"

"तेच तर मी महिनाभर सांगतोय."

ती त्या काळोखात थांबली. तिला एकदम उमगलं की गप्प कधी बसायचं हेच या पट्ट्याला माहीत नाही. बरोबर चाललेल्या माणसाला सारखं काहीतरी सांगत राहणं म्हणजे त्याला हाताला धरून नेणंच. तिनं मफलर सोडला आणि योरिटकडं बघितलं. तो मान तिरकी करून तिचे श्वास ऐकत होता. बाहेर पडताना कोपर धरलं की त्याच्या जबड्याला काय होतं, ते तिला त्या क्षणी पहिल्यांदा आतून कळलं.

पुढचा पट्टा झोक मोजत नसे, दोन झोकांचा मध्य मोजत असे. योरिटची ढांग केवढी, तो कुठल्या पायावर किती रेंगाळतो, हे तिला मोजायची गरजच पडली नाही. काठीतून ते तिच्या तळहातात आधीच मुरलं होतं. तिनं ते नुसतं आकड्यांत उतरवलं. मध्य कालव्याच्या बऱ्यापैकी आत असेल तर पट्टा गप्प. काही न बोलणं म्हणजे सगळं ठीक. आणि शेवटच्या खुंटीपाशी तीन लांब थरथरी, म्हणजे इथून वळ.

योरिट बर्फगृहात एक फेरी मारून आला. त्याचा चेहरा ओला होता, घामानं की कशानं ते तिनं विचारलं नाही.

"बोलत नाही गं हा," तो म्हणाला. "तुझ्यापेक्षा बरा."

मग त्याची बोटं पट्ट्यावरून फिरत पोटाशी थांबली. "डावं, उजवं, आणि हे तिसरं काय?"

तिनं ते सांगायचं टाळलं होतं. "माझ्या खिशात एक बटण असेल. मी दाबलं की ते वाजेल. मी बोलावते आहे, असं."

"कशासाठी?"

"सुरक्षेसाठी."

"कुणाच्या?"

ती वाकून पट्ट्याचा बंद सोडू लागली.

"काढ ते, रिन्स्के," तो हळूच म्हणाला. तिनं त्याच संध्याकाळी ते काढलं.

पट्टा झाला. बर्फ मात्र धरेना. तो हिवाळा पावसात गेला, पुढचा धुक्यात. एखाद्या डिसेंबरात दोन दिवस कडक थंडी पडायची, कालव्यावर दुधाच्या सायीसारखा पापुद्रा यायचा, गावातल्या गॅरेजांतून पाती घासल्याचे आवाज यायचे, आणि तिसऱ्या दिवशी पश्चिमेचा वारा सुटून सगळं पाणी. गावाचे बर्फमुकादम डाउवेकाका रोज सकाळी बर्फाची जाडी बघायचं गिरमिट घेऊन पुलावर जायचे, पाण्याकडं बघायचे आणि सासऱ्याकडून रिकाम्या हातानं परतल्यासारखे परत यायचे.

"काय काका?" रिन्स्के विचारायची.

"बदकं पोहतायत मजेत. मेली ती बदकं!"

योरिट खिडकीच्या काचेला तळहात लावून बसायचा. काच किती गार आहे त्यावरून बाहेरची थंडी तो अचूक सांगायचा. रिन्स्के दर डिसेंबरात खुंट्या काढून पुसायची, बॅटऱ्या भरायची, आणि दर मार्चमध्ये परत ठेवून द्यायची. बर्फ यावं असं तिलाही वाटायचं, ते त्याच्यासाठी. आणि येऊ नये असंही वाटायचं, ते कुणासाठी हे ती स्वतःला विचारत नसे.

मग एका फेब्रुवारीत पूर्वेचा वारा सुटला आणि थांबलाच नाही. कालवा रात्रीतून काळा झाला, दुसऱ्या दिवशी घट्ट, आणि त्या आठवड्याच्या शेवटी डाउवेकाकांनी पुलावर उभं राहून टोपी हवेत उडवली. शाळेनं सुट्टी दिली. टपाल उशिरा आलं, कुणी तक्रार केली नाही. काठावर तंबू लागला, वाटाण्याच्या सुपाचा वास सुटला.

रिन्स्के पहाटेपासून खुंट्या रोवत होती. गावापासून पांढऱ्या पुलापर्यंत. त्यापलीकडं कालवा मोठ्या तळ्यात शिरत होता.

"तळ्यावर कसंय, काका?"

"चांगलंय. पण दक्षिणेच्या अंगाला बदकांनी बर्फात भोक राखलंय. तिकडं कुणी जायचं नाही. त्याला नीट सांगितलंयस ना?"

"सांगितलंय. आणि पुलापाशीच वळायचंय त्याला."

योरिटनं अंगात भगवं जाकीट घातलं, त्यावर ठळक अक्षरांत 'दिसत नाही'. त्यानं कंबरेचा पट्टा आवळला, हात पाठीवर बांधले.

"बरं, येतो," तो म्हणाला; जणू कोपऱ्यावरच्या दुकानात निघालाय.

आणि गेला. पहिल्या काही ढांगा जपून, मग लांब, आणखी लांब. डावीकडं झोक, उजवीकडं झोक, वाकलेली पाठ. लोक बाजूला होत होते, कुणी टाळ्या वाजवल्या, आणि भगवा ठिपका लव्हाळ्यांच्या वळणाआड दिसेनासा झाला. रिन्स्के मोकळे हात घेऊन काठावर उभी राहिली. जिनं हे बनवलं तिला पट्टा चालला याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्या आनंदाखाली तळहाताला एक रिकामपण होतं, काठीच्या जाडीएवढं.

सूप घेतलं. ते गार झालं. त्याच्या मागून निघालेले लोक परत आले. योरिट आला नाही.

"योरिट?" बेकरीवाली बाई गाल चोळत म्हणाली. "अगं, तो पुलाखालून तळ्याकडं गेला की! काय सुसाट चाललाय!"

रिन्स्केनं कप तिथंच ठेवला. स्केट्सचे बंद कसेबसे आवळले. पांढऱ्या पुलापर्यंत ती कशी पोचली तिला कळलं नाही. शेवटच्या खुंटीवरचा दिवा विझलेला होता. थंडीनं बॅटरी मेली होती. म्हणजे तीन थरथरी वाजल्याच नव्हत्या. पट्टा गप्प राहिला होता. आणि पट्टा गप्प म्हणजे सगळं ठीक, हे तिनंच ठरवलं होतं. वाट संपली तरी तो गप्पच राहील, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. कारखान्यात कुणी पोरानं अशी चूक केली असती तर तिनं त्याला फैलावर घेतलं असतं. आता तिला चिडताही येईना. ती नुसती पळत होती, आणि खिशात नसलेलं बटण तिची बोटं शोधत होती.

तळ्याचं बर्फ मोकळं पसरलं होतं, काळं, काचेसारखं, क्षितिजापर्यंत. दूर मध्यावर भगवा ठिपका होता. हलत नव्हता.

ती जवळ गेली तेव्हा तो उभा होता. हात पाठीवर, चेहरा वाऱ्याकडं. खालून बर्फ कण्हत होतं, तळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा तो लांब आवाज, आणि योरिट तो ऐकत होता. ती हाक मारणार होती. नाही मारली. थोड्या अंतरावर थांबली.

"रिन्स्के," तो न वळता म्हणाला.

"कसं कळलं?"

"तुझा डावा पाय ओरखडतो. लग्नाच्या आधीपासून."

"शेवटची खुंटी बंद पडली होती," ती धापा टाकत म्हणाली. "तुला कळलंच नसेल. चूक माझी आहे. मी..."

"मला कळलं होतं."

"काय?"

"अगं, पूल डोक्यावरून गेला की आवाज बदलतो. मला कळलं की इथं वळायचंय. पट्टा काही बोलला नाही. मी म्हटलं, हा बोलत नाही तर आपण कशाला विषय काढा?"

"योरिट! दक्षिणेला भोक आहे! तुला माहीत होतं!"

"म्हणून तर वारा उजव्या गालावर ठेवला. वारा पूर्वेचा, म्हणजे मी उत्तरेला चाललो होतो. भूगोल शिकवायचो मी, विसरलीस?" मग त्याचा आवाज उतरला. "चिडू नकोस. पुढं पुढं काठच लागेना. मी थांबलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मी कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मलासुद्धा नाही. ते किती दिवस हवं होतं मला, तुला काय सांगू."

वाऱ्यानं तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिनं पुसलं नाही.

"मला वाटलं, तुला मी नकोय," ती म्हणाली. "काठी नको, आवाज नको, बटण नको. माझ्याच हातानं मी ते सगळं एकेक काढत गेले. माझ्यासाठी ती काठी म्हणजे... वर्षभरात तेवढाच तू माझ्याजवळ असायचास."

 बर्फ पुन्हा कण्हलं.

"मला ते माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मला वाटायचं, तू माझं ओझं ओढतेस."

"ओढतच होते. पण ते ओझं हवं होतं मला."

त्यानं हात पुढं केला. अंदाजानं, जरा चुकीच्या दिशेला. तिनं पुढं होऊन तो धरला. परत जायला खुंट्या नव्हत्या, काठी आणली नव्हती. दोघं शेजारी शेजारी उभी राहिली, हातात हात गुंफले आणि निघाली. पहिल्यांदा पाय जुळेनात. त्याची ढांग बदलली होती. आज एकट्यानं जाताना ती लांबली होती, आणि तिचे पाय जुनाच ताल धरून बसले होते. ती अडखळली, तो सावरला. दोघांनी एकमेकांना शिव्या घातल्या आणि पुन्हा निघाली. पुलापर्यंत ताल बसला. पण ज्याची ती वाट बघत आली होती तो भार तिच्या हाताला आलाच नाही. त्याचा हात तिच्या हातात नुसता होता. ऊबदार, हलका. तिला तो आवडला, आणि जुना भार गेला म्हणून वाईटही वाटलं. दोन्ही एकदमच.

काठावर डाउवेकाका उभे होते. "अरे गाढवा!" ते लांबूनच ओरडले. "तुला काय इंग्लंडला जायचं होतं?"

"रस्ता चुकलो, काका."

"खोटारडा! आंधळा म्हणून सोडतोय, नाहीतर कान उपटले असते."

बर्फ आणखी थोडेच दिवस टिकलं. खुंटी दुरुस्त झाली. पट्टाही रिन्स्केनं बदलला; आता खुंट्यांच्या टप्प्यात असेपर्यंत तो अधूनमधून अगदी हलकं एकदा थरथरायचा, मी आहे, एवढंच सांगायला. योरिट म्हणाला, चालेल, एवढं बोलला तर चालेल. तो रोज एकटा जायचा आणि पुलापाशी वळायचा. किंवा नाही वळायचा. रिन्स्के आता वेळ बघत नसे. म्हणजे बघायची, पण उठत नसे.

पश्चिमेकडं ढग आले त्या सकाळी तो बाकावर बसून राहिला.

"आज तू जा," तो म्हणाला.

"तू?"

"मी बसतो. तू एकटी किती वर्षांत गेली नाहीस? जा."

ती निघाली. हातांचं काय करायचं तिला कळेना. तिनं ते पाठीवर बांधले, मग सोडले, मग पुन्हा बांधले. बर्फावर पाण्याचा पातळ थर आला होता, पाती त्यातून सूं करत कापत जात होती. पुलाखालून ती तळ्यावर आली आणि थांबली. कुणी नव्हतं. लव्हाळ्यांच्या कडेला एक राखी बगळा उभा होता, एक पाय पोटाशी घेऊन, बर्फाकडं रागानं बघत.

तिनं श्वास घेतला. तिला कुणाला तरी सांगायचं होतं, ते बघ. पण तेवढंच नव्हतं. तिला तो बगळा कुणीतरी आधी बघायला हवा होता. पुढून, वाकलेल्या पाठीवरून मान वळवून कुणीतरी ओरडायला हवं होतं. तो माणूस गावातच बाकावर बसला होता, धडधाकट, सूप पीत. आणि तरीही पुढून 'ते बघ' म्हणून ओरडणारा तो तिला कुठंच भेटणार नव्हता. इतकी वर्षं काठी घट्ट धरून ती कुणाला धरून ठेवत होती, ते तिला तिथं कळलं. ती रडली. बगळ्यानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं आणि पाय बदलला.

परत आली तेव्हा पावसाचे पहिले थेंब बर्फावर टपटपत होते. लोक तंबू उतरवत होते.

"काय दिसलं?" योरिटनं विचारलं.

ती त्याच्या शेजारी बसली, स्केट्सचे ओले बंद सोडवत. सांगू लागली. बगळा सांगितला, त्याचा राग सांगितला, बर्फात अडकलेले पांढरे बुडबुडे सांगितले, तळ्याच्या पलीकडं कुणीतरी दोरीवर विसरलेली निळी चादर सांगितली. गोठून फळीसारखी उभी होती ती. तो मान तिरकी करून ऐकत होता. मध्ये मध्ये विचारत होता, किती उंच, कुठल्या अंगाला, निळी म्हणजे कशी निळी. पाऊस वाढला. डाउवेकाका जाता जाता ओरडले, अरे, घरी जा, भिजाल. दोघं उठली नाहीत.

त्यानंतर ईस्टरसीलचा कालवा अजून गोठलेला नाही. रिन्स्के दर डिसेंबरात बॅटऱ्या भरते.